मेढ, वासा आणि चार बाय दोन

बोईसरच्या वखारीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वखारवाल्याने एकच प्रश्न विचारला, "साइज काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की तारापूरच्या आमच्या घरामागे, विहिरीच्या अंगाला, बारा फूट बाय दहा फुटांचा मांडव घालायचाय. त्यावर जुई चढवायचीय. आईचं चालणं आता अंगणापुरतंच उरलंय, त्यामुळे तिची खुर्ची त्याच्या सावलीत ठेवायचीय. वसईला राहणारा माझा भाचा आर्किटेक्ट आहे. तो या सगळ्याला 'पर्गोला' म्हणतो. शब्द मूळचा लॅटिन, भिंतीबाहेर काढलेल्या छपराचा. आईने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे मांडवच ना?"

मांडवच. आमच्याकडे तो दरवर्षी व्हायचा. मृगाच्या तोंडाला वडील चार मेढी पुरायचे, त्यावर आडव्या टाकायचे, वर बांबू आणि काटक्या पसरायचे आणि काथ्याने आवळायचे. दुधी, पडवळ, घोसाळी श्रावणापर्यंत त्याला झाकून टाकत. दिवाळीनंतर वेल वाळले की मांडव मोडायचा आणि तो चुलीत जायचा. त्यात एकही खिळा नसे. आणि त्यात एकाही लाकडाला 'साइज' नसे. वडील रानातून आलेल्या मोळीतलं लाकूड हातात धरून, जरा वाकवून बघत आणि बाजूला ठेवत. तेवढंच त्यांचं मोजमाप.

मग हा साइज आला कुठून? वखारीतून रिकाम्या हाताने परतताना हा प्रश्न डोक्यात बसला, आणि मांडव उभा राहीपर्यंत त्याने मला तीनशे वर्षं मागे फिरवून आणलं.

*

आधी 'मेढ' हा शब्द घेऊ. लग्नाआधी मुहूर्तमेढ रोवतात, म्हणून तो शब्द आपल्या तोंडात राहिला. पण मेढ म्हणजे नुसता खांब नव्हे. मेढीला वर बेचकं असतं. झाडाच्या खोडाला जिथे फांदी फुटते तिथे जरा वर छाटलं की इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा आकार तयार मिळतो. त्या बेचक्यात आडवं लाकूड बसवलं की ते सरकत नाही, घसरत नाही. सुताराला जो सांधा करायला अर्धा दिवस लागेल तो झाडानेच करून दिलेला असतो. सालींसकट गोल लाकूड वापरलं की त्याचे बाहेरचे सलग तंतू कुठे कापले जात नाहीत, त्यामुळे बारीक वासाही बराच भार पेलतो. तुकडाही वाया जात नाही. गोल लाकूड हे गरिबाचं लाकूड, पण अडाण्याचं नव्हे.

त्याची अडचण एकच: ते पुरलेलं असतं. जमिनीलगत, जिथे माती, पाणी आणि हवा तिन्ही भेटतात, तिथे लाकूड सगळ्यात आधी कुजतं, आणि आमच्या भागात वाळवीही तिथूनच चढते. एका हंगामाच्या मांडवाला याचं काही वाटत नाही. पण वीस वर्षं टिकायचं असेल तर खांब मातीत पुरता येत नाही. जुन्या घरांत आणि वाड्यांत खांब दगडी तळखड्यावर उभे असतात ते यासाठीच. म्हणजे पहिला निर्णय साइजचा नव्हताच, तो काळाचा होता: मांडव एका पावसाचा की आईच्या उरलेल्या आयुष्याचा? मी दुसरा पर्याय निवडला आणि त्याक्षणी मेढ हातातून सुटली. आता चौकोनी लाकूड हवं होतं, आणि चौकोनी लाकडाला साइज लागतो.

*

आमचे मिस्त्री चिंचणीचे. त्यांनी जागा पाहिली, पावलांनी मोजली आणि सांगितलं, "खांब चार बाय चार. दोन तुळया सहा बाय तीन. वर वासे चार बाय दोन, उभे, दोन-दोन फुटांवर." कुठलाही कागद न काढता.

'उभे' हा त्यातला कळीचा शब्द. चार बाय दोनचा वासा आडवा, म्हणजे चपटा ठेवला तर तो जेवढा वाकेल त्याच्या एक चतुर्थांशच उभा ठेवल्यावर वाकतो. लाकूड तेच, पैसे तेच. याचं कारण असं की लाकडाची ताठरता रुंदीच्या पटीत वाढते, पण उंचीच्या घनाच्या पटीत. ताकद उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते; हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात मांडून ठेवलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, ११०३ साली चीनमध्ये सरकारी बांधकामाचा जो नियमग्रंथ छापला गेला, त्याने तुळईसाठी उंची आणि रुंदीचं प्रमाण तीनास दोन असं ठरवून दिलं होतं. गोल ओंडक्यातून सर्वांत मजबूत तुळई काढायची तर गणित साधारण सातास पाच येतं. दोन्ही प्रमाणं किती जवळ आहेत पाहा.

मी घरी येऊन हिशेब केला. जुईचा भिजलेला पसारा चौरस मीटरला पंचवीस किलो धरला, वाशाचा गाळा दहा फूट. उभा चार बाय दोन मधोमध सुमारे साडेचार मिलिमीटर झुकतो, आडवा ठेवला तर अठरा. दहा फुटांच्या गाळ्याला बारा मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा पाळतात, नाहीतर वाक डोळ्यांना दिसतो. तीन बाय दोनचा उभा वासा पावणेअकराला येतो, कागदावर पास. पण लाकूड वर्षानुवर्षं भाराखाली राहिलं की झुकत जातं, हे आपल्या सगळ्यांच्या जुन्या माळ्यांनी पाहिलेलं आहे. मिस्त्रींचा आकडा बरोबर होता. सहा बाय तीनची तुळईही बारा फुटांत जेमतेम पाच मिलिमीटर झुकत होती.

एकूण लाकूड किती? चार खांब नऊ फुटी, दोन तुळया तेरा फुटी, सात वासे अकरा फुटी. बेरीज साडेअकरा घनफूट. हा आकडा लक्षात असू द्या.

*

उत्तर कोकणातल्या सागाला गिऱ्हाईक जुनं आहे. वसईला पोर्तुगीजांच्या काळात जहाजं बांधली जात. १७३९ मध्ये मराठ्यांनी आधी तारापूरचा आणि मग वसईचा किल्ला घेतला, तरी खाड्या त्याच राहिल्या आणि खाड्यांवाटे लाकूड मुंबईकडे जातच राहिलं. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षं तिथल्या गोदीत जहाजं बांधली. मलबारचा साग सर्वांत नावाजलेला, पण कोकणच्या उत्तर टोकाचं लाकूडही त्या बाजारात होतं. मुंबईत १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून तरंगतंय.

जहाज बांधणाऱ्याची नजर मेढ निवडणाऱ्यासारखीच असते. त्याला सरळ लाकूड लागतं तसं वाकडंही लागतं. जहाजाच्या बरगड्या आणि कोपऱ्यातले आधार यांसाठी निसर्गतः वळलेलं खोड शोधावं लागतं, कारण सरळ लाकूड कापून वळण दिलं की तंतू तुटतात. म्हणून जंगलात जाऊन झाडागणिक निवड व्हायची. वाकड्या झाडालाही किंमत होती.

ती किंमत रेल्वेने संपवली.

मुंबई-बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे सुरतेकडून खाली येत १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडला पोचली. पालघर आणि बोईसर याच मार्गावरचे. त्याच १८६४ साली सरकारचं वनखातं स्थापन झालं, १८६५ ला पहिला वनकायदा, १८७८ ला त्याहून कडक दुसरा. मुंबई इलाख्यात तर अलेक्झांडर गिब्सन १८४७ पासूनच वनसंरक्षक होते. रुळाला वाकडं लाकूड चालत नाही. ब्रॉडगेजचा स्लीपर नऊ फूट लांब, दहा इंच रुंद, पाच इंच जाड. हजारो, लाखो, सगळे सारखे. माझ्या समजुतीने आपल्याकडे लाकडाचा 'साइज' असा आला. हात, वीत, तसू ही मापं आधीही होती, पण ती घर बांधणाऱ्याच्या अंगाची होती. झाड पाहण्याआधीच ठरलेलं माप मात्र रुळांबरोबर आलं.

एका स्लीपरमध्ये सव्वातीन घनफुटांना थोडं कमी लाकूड असतं. म्हणजे माझा अख्खा मांडव चार स्लीपरपेक्षाही कमी. यार्डाला एकच स्लीपर धरला तरी एका मैलाला १,७६० लागतात. एका मैलात असे पावणेपाचशे मांडव झोपलेले. सगळे स्लीपर ठाण्याच्या जंगलातले नव्हते, बाहेरदेशीचं लाकूडही वापरलं गेलं. पण मागणीचा आकार एवढा होता, आणि सरकारला जंगल 'राखीव' का करावंसं वाटलं हे त्यातून कळतं. राखलं ते मुख्यतः पुढच्या तोडीसाठी.

राखीव झालं तेव्हा गावकऱ्याच्या हातून नेमकं काय गेलं? साग आणि शिसवावर सरकार आधीपासून हक्क सांगत होतं. आता राबासाठी फांद्या छाटणं, कुडाला कारवी आणणं, मेढीला बेचकं तोडणं यांवरही चौकी बसली. भाताच्या रोपवाटिकेत राब भाजल्याशिवाय इथे शेती होत नसे. ठाणे जिल्ह्यात एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. मृगाच्या तोंडाला चार मेढी तोडणं ही साधी गोष्ट कायद्याच्या भाषेत गुन्हा होऊ शकत होती.

*

लवजी वाडिया मुंबईला आले त्याच १७३६ साली लंडनमध्ये एडवर्ड हॉपस नावाच्या सर्वेअरने लाकूड मोजायचं एक कोष्टक छापलं. ते आपल्या लाकूडबाजारात अजून जिवंत आहे. ओंडक्याचा मध्यावरचा घेर दोरीने घ्यायचा, दोरीची चौघडी करायची, त्या चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणायचं. झालं घनफूट. चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका: चौथाई एक फूट, म्हणून दहा घनफूट. ज्याला पाढे येतात त्याला जमावं असं.

पण वर्तुळाच्या गणिताने त्याच ओंडक्यात पावणेतेरा घनफूट लाकूड असतं. दोरीच्या चौघडीत शेकडा साडेएकवीस लाकूड नाहीसं होतं. हॉपसचा हेतू वाईट नव्हता. साल आणि चौकोन काढताना निघणाऱ्या फाळक्या यांची सूट त्यात आधीच धरली होती. तरी एक गोष्ट उरतेच. झाड पाडणाऱ्याने पावणेतेरा घनफूट पाडलं, ओढलं, उचललं. हिशेबाच्या वहीत दहाच आले.

पाडणारे कोण, हे पालघर-डहाणूकडे वेगळं सांगावं लागत नाही. वारली, कोकणा, काथोडी, मल्हार कोळी. १९३० च्या दशकाच्या शेवटी डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने सरकारसाठी जो अहवाल लिहिला त्यात जमीनदार, सावकार आणि जंगल ठेकेदार यांनी या माणसांची काय दशा केली ते नोंदलेलं आहे. मग १९४५ मध्ये किसान सभेचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे तो मराठी वाचकाला परिचित आहे; १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे जमावावर गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. पुढच्या वर्षी जंगलकामाचा संप झाला. मागणी होती दिवसाला किमान सव्वा रुपया.

त्या लढ्यातला एक शब्द मला मांडवाचा विचार करताना सारखा आठवत राहिला: लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून थोडं कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. ज्या माणसाच्या कुऱ्हाडीखालून मुंबईच्या घरांच्या तुळया निघाल्या, त्याच्या स्वतःच्या लग्नाचा मांडव चार मेढींचा होता, आणि त्या चार मेढींखाली तो गहाण पडत होता. वेठ आणि लग्नगडी दोन्ही या लढ्याने मोडली. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि कूप तोडायचं काम ठेकेदाराऐवजी त्यांच्याकडे येऊ लागलं. त्या संस्थांचं पुढे काय काय झालं तो स्वतंत्र विषय आहे.

*

वखारीत दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साइज पाठ होते. "साग कुठला देऊ?" वखारवाल्याने विचारलं. "इक्वेडोर, घाना, ब्राझील?" मी म्हटलं, "इथला नाही?" तो हसला.

त्याचं हसणं मला नंतर समजलं. १९५८ पासून देशात मेट्रिक मापं आली, पण वखारीत भाषा अजून इंच-फुटांचीच. लाकूड मात्र जगभरातून येतं. म्यानमारने एप्रिल २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग वाढला; तो गुजरातच्या बंदरांत उतरतो आणि गांधीधामच्या गिरण्यांत कापला जातो. इथला साग वनखात्याच्या लिलावातून मिळतो, शिक्क्याचा हातोडा आणि वाहतूक परवाना यांच्यासह. स्वतःच्या शेतातला तोडायचा तरी १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याखाली परवानगी लागते. मालक आदिवासी असेल तर १९६९ चा वेगळा कायदा, त्याला फसवून झाडं घेऊ नयेत म्हणून. कायदा आवश्यक आहे हे १९४५ चा इतिहास वाचल्यावर पटतं. सागाच्या प्रदेशात बसून मी इक्वेडोरचा साग विकत घेतोय, हेही तितकंच खरं.

मी वासे घेतले. घरी आणून मिस्त्रींनी पट्टी लावली आणि ती माझ्यापुढे धरली. चार बाय दोन म्हणून घेतलेला वासा पावणेचार बाय पावणेदोन होता. रंध्याला गेलं, करवतीला गेलं, असं वखारीत सांगतात. पाव इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं. लाकूड शेकडा अठरा कमी, ताठरता शेकडा अठ्ठावीस कमी. घनाचा हिशेब इथेही सोडत नाही. पैसे मात्र पूर्ण आठ चौरस इंचांचे दिले होते. वहीतला आकडा आणि हातातलं लाकूड यांतलं अंतर या वेळी माझ्या वाट्याला आलं होतं, आणि ते किती क्षुल्लक होतं याचीही जाणीव होती. माझं काही शे रुपयांवर भागलं.

"चालेल," मिस्त्री म्हणाले. "गाळा सहा इंच कमी करू. अंतर दोन फुटांऐवजी वीस इंच ठेवू. एक वासा वाढेल." अनुभवी माणूस कमी पडलेल्या लाकडाशी भांडत बसत नाही, गाळा कमी करतो.

*

खांबांचा प्रश्न उरला होता. पुढच्या आठवड्यात मिस्त्रींबरोबर मनोरकडचा एक मदतनीस आला, तिशीतला, वारली. पडवीत उभं करून ठेवलेलं जुनं लाकूड त्याने पाहिलं. आमचं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हाचे चार खांब वडिलांनी विकू दिले नव्हते. पंचवीस वर्षं ते तसेच कोपऱ्यात होते. "भाऊ, हे वापरा की," तो म्हणाला. एकाला टोकाशी कीड लागली होती. त्याने वाकून नखाने खरवडलं, आतून तांबूस पिवळा रंग निघाला, सागाचा तो तेलकट वास आला. करवतीने कापलेलं नव्हतं ते, तासणीने तासलेलं होतं. चारही बाजू सारख्या नव्हत्या. पट्टीने कुठे साडेचार, कुठे पाच इंच.

"आमच्या आज्याच्या हातचं असेल," तो सहज म्हणाला आणि हसला. असेलही, नसेलही. ते खांब कुठल्या रानातून, कुणी, किती मजुरीवर आणले याची नोंद आमच्या घरात नाही. घर बांधायचा खर्च पणजोबांनी वहीत टिपलाय, त्यात सुताराचं नाव आहे, कौलांचा आकडा आहे. तोडणाऱ्याची ओळ नाही.

कीड लागलेलं टोक कापलं, चारही खांब सारखे केले, ते साडेआठ फुटांवर आले. खाली काळ्या दगडाचे तळखडे बसवले. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड दोन पावसांत फुगतं आणि लाकूड फोडतं, म्हणून बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. तुळया नव्या, सहा बाय तीन. वासे आठ, पावणेचार बाय पावणेदोन, उभे. भाच्याने फोटो पाहून कळवलं की खांब तुळयांच्या मानाने जाड वाटतात. ते खरंय.

शेवटच्या दिवशी मदतनिसाने कुठूनसं एक सुरूचं बेचकं आणलं आणि कोपऱ्यात, विहिरीच्या बाजूला, मातीत पुरलं. मांडवाला त्याची गरज नव्हती. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "वेल चढायला. चौकोनी खांबाला जुई लवकर धरत नाही."

जुई त्या बेचक्यावरूनच चढली. आता भाद्रपदात ती तिसऱ्या वाशापर्यंत आलीय. बेचकं पुढच्या पावसात कुजेल, तेव्हा दुसरं पुरावं लागेल, आणि ते कुठून आणायचं हे मला त्यालाच विचारावं लागेल.